बिलावर मी 'जनरल सर्व्हिस' असं लिहिलं होतं

थोडं मोठं लिहितोय. गाड्यांची आवड असेल तर वाचाच, आणि नसेल तरी वाचा. कारण रस्ता दोघांचाही आहे.

गेल्या आठवड्यात भाच्यानं एक रील पाठवलं. वीस वर्षांपूर्वीची पेट्रोल सेडान, बॉनेट उघडं, आत चकचकीत टर्बो बसवलेला. पोरगा ॲक्सिलरेटर दाबतो, पाय काढतो, 'फुस्स' असा आवाज येतो, मागं गाणं वाजतं. खाली कमेंट्सचा पाऊस. "भावा, खर्च किती?" "दादा, माझ्या गाडीला बसेल का?" "पिकअप कसाय?" मी सगळ्या कमेंट्स बसून वाचल्या. "दादा, ब्रेक कुठले लावलेत?" असं एकानंही विचारलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बातमी वाचली, बेकायदेशीर बदल केलेल्या वाहनांवर कारवाई. फोटोत काय, तर जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडलेले आणि त्यांच्यामागं साहेब उभे.

माझं भांडण या दोघांशीही आहे. रीलवाल्याशी आहे आणि साहेबांशी तर जास्त आहे. पण आधी माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल, आला शहाणपण शिकवायला.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. २०११ साली एक पोरगा त्याच्या वडिलांची २००३ ची पेट्रोल सेडान घेऊन आला. इंजिन ठणठणीत होतं, पण साधं, म्हणजे टर्बो नसलेलं. त्याला टर्बो हवा होता. मलाही हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. भंगारात गेलेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो मिळाला. उद्यमनगरात एकाकडनं फ्लँज कापून घेतले, पाइप वेल्ड करून मॅनिफोल्ड बनवला. इंजेक्टर कंपनीचेच ठेवले, फक्त पेट्रोलचं प्रेशर वाढवलं, म्हणजे जास्त पेट्रोल पडेल असा हिशेब. इंटरकूलर लावला नाही, कारण पोराचं बजेट संपलं होतं. बूस्ट अर्ध्या बारपेक्षाही कमी ठेवला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

गाडी पळाली. काय पळाली! पोरगा खूश, मी खूश, उद्यमनगरातला लेथवाला पण खूश.

सात महिन्यांनी, मे महिन्यातल्या भर दुपारी, पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढत असताना ती गाडी बसली. आत वडील, धाकटी बहीण, एसी चालू. तीन नंबरच्या पिस्टनचा रिंगांजवळचा भाग तुटला. जळत्या गॅसचा दाब खाली चेंबरमध्ये शिरला, ब्रीदरमधून ऑइल बाहेर आलं, ते लालबुंद मॅनिफोल्डवर पडलं आणि बॉनेटमधून पांढरा धूर. गाडी वळणावरच थांबली. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर जुना, जाणता होता, म्हणून. नाहीतर ही पोस्ट लिहायला माझी बोटं वळली नसती.

वडील दोन दिवसांनी गॅरेजवर आले. मला वाटलं, शिव्या देणार. दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "या गाडीत तुम्ही काय काय बदललंय ते मला बिलावर दाखवा."

बिलावर मी 'जनरल सर्व्हिस' असं लिहिलं होतं.

खरं लिहिलं असतं तर तो बेकायदेशीर कामाचा पुरावा झाला असता, म्हणून नव्हतं लिहिलं. तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक, मी चुकलो. दोन, हे काम अंधारातच व्हावं अशी व्यवस्था आपण करून ठेवलीय. इंजिन मी माझ्या खर्चानं बांधून दिलं, टर्बो काढून टाकला, आणि पुन्हा असलं काम हातात घेतलं नाही. पण पहिली चूक माझी होती, दुसरी माझ्या एकट्याची नव्हती.

आता जरा इंजिनाचं बोलू. सोपं करून सांगतो.

साधं इंजिन श्वास घेतं तेव्हा बाहेरच्या हवेच्या दाबानं जेवढी हवा आत जाईल तेवढीच. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम गॅसवर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या बाजूनं हवा दाबून इंजिनात कोंबतो. हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा स्फोट, जास्त ताकद. इथपर्यंत रीलवाल्यालाही माहीत असतं.

पुढचं रीलमध्ये नसतं. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो, तेच. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या हवेला अर्धा बार बूस्ट दिला, तर ती नव्वद अंशांच्या वर जाऊन इंजिनात शिरते. साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच बऱ्यापैकी असतं. ते इंजिन थंड हवा धरून डिझाइन केलेलं. त्यात ही तापलेली, जास्तीची हवा गेली की पेट्रोल ठिणगीची ज्वाळा पोचायची वाट बघत नाही, आपापलं कुठंही पेट घेतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. कानाला 'टिक टिक' ऐकू येतं, पिस्टनला मात्र घणाचे घाव बसत असतात.

वर पेट्रोलची गोष्ट. साधं चालवताना सुमारे पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. बूस्टवर असताना ते बारा भाग हवेला एक असं गडद ठेवावं लागतं, म्हणजे आतली उष्णता आवरते. जुन्या गाडीच्या ईसीयूला बूस्ट नावाची गोष्टच माहीत नाही. तिचा सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबाइतकं मोजून थांबतो. इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला आलेले असतात. आता तर पंपावर ई-२० मिळतं. त्याचा ऑक्टेन चांगला, पण इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं. म्हणजे अपुरे इंजेक्टर आणखी अपुरे.

आणि तो भंगारातला डिझेलचा टर्बो? डिझेलच्या सायलेन्सरचा गॅस पेट्रोलच्या मानानं थंड असतो. डिझेलसाठी बनवलेला टर्बो पेट्रोलवर लावला की तो रोज आपल्या ऐपतीपेक्षा जास्त ताप सोसत असतो.

मग टर्बो वाईट का? अजिबात नाही. इथंच लोकांची गल्लत होते.

जपानमध्ये सुझुकीनं १९८७ साली अल्टो वर्क्स काढली. इंजिन फक्त ५४३ सीसीचं, टर्बो लावून ताकद ६४ अश्वशक्ती. त्याच काळात आपली लाडकी मारुती ८००, ७९६ सीसीची, चाळिशीच्या आतच होती. आपल्या इंडिकाचंच घ्या. तिचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन आधी साधं होतं, पुढं त्याच इंजिनाला कंपनीनंच टर्बो दिला. पुण्यात बनलेल्या गाडीला, आपल्याच इंजिनिअरांनी. आज शोरूममध्ये जा, एक लिटरचं टर्बो इंजिन सर्रास मिळतं. म्हणजे साध्या इंजिनाला टर्बो बसवता येतो, नीट चालतो, लाखो किलोमीटर चालतो. पण कंपनी नुसता टर्बो बसवत नाही. गरजेप्रमाणं पिस्टन, कॉम्प्रेशन, इंजेक्टर, रेडिएटर, ऑइलची वाट, ईसीयूचं गणित, सगळं बघते. मग गाडी उन्हाळ्यात, घाटात, भरलेल्या वजनानं चालवून बघते. आणि मग ब्रेकचं बघते.

ब्रेक! यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

ऐंशीच्या वेगानं जाणारी गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, एकशे दहाला तिच्या जवळजवळ दुप्पट गिळावी लागते. वेग दुपटीनं वाढलेला नसतो हां, ऐंशीचा एकशे दहाच झालाय. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, हे नववीच्या पुस्तकात आहे. आता ज्या गाडीबद्दल बोलतोय तिच्यात पुढं छोटी डिस्क, मागं ड्रम, बारीक टायर. एबीएस नाही, कारण गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१९ मध्ये. एअरबॅगही बहुतेक नाही, ती सक्तीही २०१९ चीच. इंजिन फुटलं तर मालकाचं नुकसान. ब्रेक कमी पडला तर नुकसान समोरच्या स्कूटरवरच्या बाईचं, जिनं टर्बो लावायला कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता सरकारकडं वळू.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं, मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

छान. कायदा कडक आहे. मग एवढे टर्बो बसतात कसे?

कारण तपासणार कोण आणि कशानं? पीयूसी घ्या. गाडी जागेवर उभी, गियर न्यूट्रलमध्ये, सायलेन्सरमध्ये नळी. फार तर थोडा ॲक्सिलरेटर दाबून आणखी एकदा मोजतात. अहो, इंजिनावर भार नसेल तर टर्बो बूस्टच देत नाही! जी गाडी घाटात काळा धूर ओकते ती पीयूसी सेंटरवर शहाण्या बाळासारखी पास होते. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीचं पुन्हा नोंदणीकरण असतं. २०२२ पासून कारसाठी त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली. पाच हजार घेता ना? मग त्या दिवशी बॉनेट उघडून आरसीवर जे लिहिलंय तेच इंजिन त्याच अवस्थेत आहे का, हे किती ठिकाणी नीट बघितलं जातं? ब्रेक भार देऊन किती ठिकाणी मोजला जातो? ज्यांनी अलीकडे गाडी नेली त्यांनी खाली खरं खरं लिहा.

सापडतं काय, तर जे रस्त्यावरून दिसतं ते. मोठा सायलेन्सर, रुंद टायर, काळ्या काचा. टर्बो बॉनेटखाली असतो. आता तर पोरं लॅपटॉप लावून ईसीयूचं गणितच बदलतात, त्यात तर दिसायला काहीच नसतं. म्हणजे कायदा पकडतो कुणाला? ज्याची हौस दिसते त्याला. ज्याची हौस जीव घेऊ शकते तो टोलनाक्यावरून हात हलवत जातो.

"मग काय, सगळ्याला परवानगी द्यायची?" असं विचारणारे येतीलच. त्यांना माझं उत्तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आहे.

पद्मिनी टॅक्सी आठवतेय? जुनं, साधं, कार्बोरेटरवालं इंजिन. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर त्या टॅक्स्या सीएनजीवर आणल्या गेल्या. म्हणजे जुन्या इंजिनाचं इंधनच बदललं, डिकीत दोनशे बारचा सिलिंडर ठेवला, आणि तोही प्रवाशांच्या पाठीमागं. टर्बोपेक्षा हे कमी धोक्याचं होतं का? नव्हतं. पण कायद्यानं वाट काढली. कलम ५२ मध्येच इंधन बदलण्याच्या किटला सवलत आहे. किटला मान्यता लागते, तपासणी आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये होते, बसवणारा अधिकृत लागतो, आरसीवर नोंद होते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट असते.

त्यात गडबडी होत नाहीत असं मी म्हणणार नाही. टेस्ट न करता प्लेट ठोकणारे मलाही माहीत आहेत. पण काही झालं तर विचारायला कागद असतो. किट कुणाचं, बसवलं कुणी, तपासलं कधी. माझ्या त्या गाडीबद्दल असा एकही कागद नव्हता. एक खोटं बिल होतं, बस.

जर्मनीत गाडीत असा मोठा बदल केला की मान्यताप्राप्त तपासनीस गाडी बघतो, ब्रेक-टायर तपासतो आणि बदल गाडीच्या कागदांवर चढवतो. आपली किती मराठी पोरं तिकडं गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला आहेत! त्यांना विचारा. तिथं हौस बंद केली नाही, हौशीला हिशेब लावला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते स्पष्ट लिहितो:

१. टर्बोला सीएनजी किटसारखीच वाट द्या. कुठल्या इंजिनाला कुठला टर्बो, जास्तीत जास्त किती बूस्ट, कुठले इंजेक्टर, कुठला इंटरकूलर, ऑइलच्या नळ्या कशा, ईसीयूचं गणित कुठलं, हे सगळं किटमध्येच तपासून मान्य झालेलं असावं. भंगारातला टर्बो आणि वेल्डिंगचा मॅनिफोल्ड यांना तिथं जागा नसावी. माझ्यासारख्यानं 'एवढ्यानं काय होतंय' म्हणण्याची सोयच राहता कामा नये.

२. बसवणाऱ्याचं नाव, शिक्का आणि नोंदणी बिलावर असावी. मिस्त्रीची जबाबदारी कागदावर आली की निम्मे उद्योग आपोआप बंद पडतील. मी आमच्याच बिरादरीबद्दल बोलतोय, राग येऊ द्या.

३. ताकद वाढली की ब्रेक आणि टायर त्या ताकदीला साजेसे असल्याशिवाय आरसीवर नोंद नाही. आधी थांबायचं शिका, मग पळायचं.

४. प्रदूषण मोजायचं तर रोलरवर, भार देऊन मोजा. न्यूट्रलमधली परीक्षा ही परीक्षा नाही.

५. हे सगळं करूनही जो चोरून लावेल त्याला खुशाल दंड करा, गाडी जप्त करा. मी टाळ्या वाजवीन. पण सरळ वाट दिल्यानंतर.

आता दोन आक्षेप येतात ते आधीच घेतो.

"छोट्या गॅरेजवाल्याला तपासणीचा खर्च कसा परवडणार?" त्याला करायचीच नाही. सीएनजीचं किट काय प्रत्येक गॅरेजवाला स्वतः तपासून आणतो? किट बनवणारा खर्च करतो, गॅरेजवाला शिकून बसवतो. उलट आज छोट्या गॅरेजवाल्याच्याच मानेवर सुरी आहे. काम केलं तर गुन्हेगार, नाही केलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं.

"जुन्या गाड्या भंगारातच जायला हव्यात, त्यात आणखी टर्बो कशाला?" हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. जी गाडी धूर सोडते, चेसिस कुजलीय, ती जाऊ दे. पण ज्याची गाडी सगळ्या तपासण्या पास होते, त्याला 'तुझी जुनी म्हणून तुला हक्क नाही' असं म्हणायचं आणि दुसरीकडं त्याच्याकडून नोंदणीची फी मात्र आठपट घ्यायची, हे बरोबर नाही. पैसे घेणार असाल तर तपासा. तपासणार असाल तर नीट तपासा. आणि पास झाली तर त्याच्या हौशीकडं गुन्हा म्हणून बघू नका.

शेवटी त्या कमेंट करणाऱ्या पोरांना. भावांनो, कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज मात्र आरसीवर नसलेला टर्बो म्हणजे, अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेलं कारण. गाडीवर एवढंच प्रेम असेल तर त्या पैशात आधी ब्रेक, टायर, सस्पेन्शन, कूलिंग नवीन करा. कायदा मोडत नाही, गाडी वीस वर्षांपूर्वी शोरूममधून निघाली होती तशी चालते, आणि फरक पहिल्या वळणावर कळतो. रीलला व्ह्यूज मिळणार नाहीत, हे खरंय.

आणि गॅरेजवाल्या मित्रांनो, कामाचं बिल खरं लिहिता येत नसेल तर ते काम करू नका. मी हे आधी शिकलो नाही. खंबाटकीच्या वळणावर शिकलो, आणि शिकवणीची फी भरायची वेळ त्या पोरीवर येता येता राहिली.

ते वडील अजून माझ्याकडंच गाडी आणतात. दरवेळी बिल हातात घेतात, चष्मा लावतात, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचतात आणि मगच पैसे देतात. मी समोर उभा असतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा. आणि आरटीओमधले कुणी वाचत असतील तर त्यांनीही लिहा, पुन्हा नोंदणीच्या वेळी बॉनेट किती गाड्यांचं उघडता?